झोलाची मंडई

परक्या शहरात उतरल्यावर प्रवाशाने प्रथम काय पाहावे, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. कुणी संग्रहालय सांगतो, कुणी राजवाडा. आपल्याकडची वडीलधारी माणसे अर्थातच आधी देऊळ पाहून यायला सांगतात. प्रस्तुत लेखकाचा कल मात्र पहिल्यापासून मंडईकडे. ज्या गावची भाषा आपल्याला येत नाही, त्या गावची मंडई नाकाने वाचता येते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण पुढे येईल.

काही वर्षांपूर्वी पॅरिसला जाण्याचा योग आला, तेव्हा पहिल्याच सकाळी माँतोर्गेय रस्त्यावर गेलो. नुकत्याच धुतलेल्या फरशीचा ओला वास, त्यात मिसळलेला भाजलेल्या पावाचा आणि कॉफीचा दरवळ. पुढे चीजचे दुकान, जिथे पाऊल टाकताच आपल्याकडच्या माणसाने नकळत श्वास रोखावा. मग मातीचा एक कणही अंगावर न राहिलेले लाल मुळे, सेलरीच्या हिरव्या जुड्या, स्ट्रॉबेरीचे छोटे छोटे ढीग. सवयीने मी एक टोमॅटो दाबून पाहिला. विक्रेत्या बाईने शांतपणे तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः निवडून दुसरा दिला. मालाला गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही, ही तिथली रीत. वांगे दाबल्याशिवाय आणि भेंडीचे टोक मोडल्याशिवाय भाजी घ्यायची नसते, असे शिकलेल्या माणसाला त्या दिवशी पंचेंद्रियांपैकी एक घरीच विसरल्यासारखे वाटले.

हे सारे सुखाचे होते, यात शंका नाही. परंतु परतल्यावर ते लिहून काढू लागलो, तेव्हा आपल्या मराठी प्रवासवर्णनांतील असंख्य बाजार डोळ्यांपुढे आले आणि लेखणी थबकली. त्या बाजारांत रंगांची उधळण असते, वासांचा घमघमाट असतो, विक्रेते हसतमुख असतात. नसते ते एकच: दुपारी उरलेल्या मालाचे काय झाले, ही चिंता. लेखक तोपर्यंत हॉटेलवर परतलेला असतो.

या अस्वस्थतेपोटी एमिल झोलाची 'ल व्हांत्र द पारी', म्हणजे 'पॅरिसचे उदर', ही कादंबरी पुन्हा हाती घेतली. १८७३ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक त्याच्या वीस कादंबऱ्यांच्या 'रूगों-माकार' मालेतील तिसरे. झोलाचे सारे साहित्य एके काळी निषिद्ध ग्रंथांच्या यादीत होते, हे आपल्या वाचकांपैकी काहींना आठवत असेल. ती यादीच १९६६ साली इतिहासजमा झाली, तेव्हा निर्धास्तपणे पुढे जायला हरकत नाही.

कादंबरीचे खरे पात्र 'ले आल' ही पॅरिसची मध्यवर्ती मंडई. बाराव्या शतकापासून त्या जागी बाजार भरत होता. व्हिक्तोर बाल्तार या वास्तुकाराने १८५० नंतरच्या दशकात तिथे लोखंडाचे आणि काचेचे भव्य मंडप उभारायला घेतले, आणि ते नवे असतानाच्या, १८५८ च्या सुमारास कथा घडते. (आपले क्रॉफर्ड मार्केट त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, १८६९ साली पुरे झाले. लोखंडाच्या छपराखाली भाजी विकण्याची हौस त्या काळात सगळीकडेच पसरली होती.)

झोलाचे पहिले शहाणपण असे की, तो आपल्याला मंडईत पायी नेत नाही. तो आपल्याला भाजीच्या गाडीतून नेतो. रात्रीच्या अंधारात खेड्यांतून गाड्यांची रांग शहराकडे निघाली आहे, गाडीवान पेंगत आहेत, घोड्यांना वाट पाठ आहे. नांतेरच्या मादाम फ्रांस्वाचा घोडा एकाएकी थांबतो, कारण रस्त्यात एक माणूस पडलेला आहे. हा फ्लोरां. १८५१ च्या डिसेंबरातील राजकीय उलथापालथीत निष्कारण पकडला गेलेला, कायेनच्या काळ्या पाण्यावरून निसटून आलेला, उपासाने गळालेला. ती बाई त्याला गाजरांच्या आणि सलगमांच्या ढिगावर निजवते. पॅरिसचे पहिले दर्शन त्याला, आणि आपल्यालाही, भाजीवर पडल्या पडल्या घडते.

पहाटे त्याला क्लोद लांतिये हा तरुण चित्रकार भेटतो. उगवत्या उजेडात कोबीचे डोंगर जांभळे, हिरवे, गुलाबी होत जातात आणि क्लोद हर्षाने वेडा होतो. आपण इथे डोळ्यांनीच न्याहारी करतो, असे तो सांगतो. त्याच्या शेजारून चालणाऱ्या फ्लोरांला मात्र तेच रंग आणि तेच वास छळत असतात, कारण त्याच्या पोटात काही नाही. या प्रकरणाइतके मार्मिक विवेचन इंद्रियसुखाविषयी क्वचितच झाले असेल. मंडई एकच, एकाला ती मेजवानी, दुसऱ्याला यातना. क्लोदही गरीबच आहे, पण त्याच्या भुकेला चित्राची सोबत आहे. प्रवासवर्णन लिहिणारे आपण सारे क्लोदचे वंशज, हे येथे मनाला लागते.

पुढे फ्लोरां मासळीच्या मंडपात निरीक्षक होतो. सावत्र भाऊ कनू आणि भावजय लिझा यांच्या मांसाच्या दुकानावर राहतो. आणि भाबड्या राजकीय कटात गुंतून अखेर पुन्हा कायेनला रवाना होतो. त्याला पोलिसांच्या हवाली करायला सुखवस्तू, स्वच्छ, गुबगुबीत लिझा स्वतः जाते, तेव्हा तिला कळते की शेजाऱ्यापाजाऱ्यांची पत्रे तिच्या आधीच तिथे पोहोचली आहेत. तत्पूर्वी ती दिराची खोली धुंडाळावी की नाही, हे विचारायला शेजारच्या सेंट युस्ताश चर्चमध्ये आबे रुस्तां यांच्याकडे जाते. या प्रसंगाने आपण रागावण्याचे कारण नाही. झोलाचा रोख धर्मावर असेलही. परंतु त्या पानांवर उघडे पडते ते लिझाचे मन, ज्याला सदसद्विवेकाची नव्हे, परवानगीची गरज आहे.

चीजच्या दुकानातील प्रसंग फार प्रसिद्ध आहे. तीन बायका फ्लोरांचा पूर्वेतिहास कुजबुजत उगाळतात, आणि भोवतालच्या चीजचे नाना दर्प त्या कुजबुजीबरोबर चढत जातात, जणू वाद्यवृंद वाजत आहे. कारागिरी थक्क करणारी आहे. तरी मला तो प्रसंग पूर्णपणे पटत नाही. झोलाचे नाक असामान्य खरे, पण ते न्यायाधीशाचे नाक आहे. वास आला की तो निकाल देतो. लठ्ठ ती माणसे दुष्ट, रोडकी ती बळी, अशी विभागणी क्लोदच्या तोंडून तो मांडतो, तीही अशीच ठोकळेबाज. चीजचा दर्प म्हणजे पाप नव्हे. सुकट-बोंबलाच्या वासात वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. फळे विकणाऱ्या सारिएतचे वर्णन करताना तर पीच कुठले आणि तिचे गाल कुठले हे कळू नये इतका लेखक वाहवत जातो; तिथे मंडई सुटते आणि पाहणारा पुरुष तेवढा उरतो.

आता ते दुसरे कारण. आमची वसईची वाडी. आई पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जाई आणि दुपारी परते. न खपलेली भाजी कधी बरोबर येई. कोमेजलेल्या मेथीचा तो आंबूस वास घरभर पसरला की, आज भाव पडला, हे आम्हा मुलांना न सांगता समजे. शाळेत माझ्या दप्तराला कोथिंबिरीचा वास येतो म्हणून पोरे हसत, आणि मी आईला पाट्या माझ्या खोलीत ठेवू देत नसे. मंडईवरचे कोणतेही लेखन मी त्या वासावर पारखतो, हे कबूल करायला हवे.

झोला या कसोटीला उतरतो, तो चौथ्या प्रकरणात. क्लोद आणि फ्लोरां मादाम फ्रांस्वाच्या मळ्यावर नांतेरला जातात. मंडईतला पालापाचोळा, साली, चिखल असा सारा कचरा तिच्या गाडीतून परत मळ्यात येतो, खत होतो, आणि पुढच्या कोबीला ऊब देतो. कुजणे हा इथे शेवट नाही. तो मळा जरा जास्तच गोजिरवाणा रंगवला आहे. पाणी शेंदणाऱ्याच्या पाठीचे दुखणे त्यात नाही. पण उरलेल्या मालाला पानांवर जागा देणारा लेखक विरळाच.

'ले आल' आता नाही. १९६९ च्या प्रारंभी ती मंडई शहराबाहेर रँजिसला गेली आणि पुढे काही वर्षांत मंडप पाडले गेले. मुंबईच्या घाऊक फळबाजाराचेही १९९६ साली वाशीला जाणे झाले, तेव्हा हा प्रकार आपल्याला नवा नाही. सेंट युस्ताश मात्र जागेवर आहे, आणि त्याच्या एका कोनाड्यात रेमंड मेसन या इंग्रज शिल्पकाराचे रंगीत उठावशिल्प आहे: २८ फेब्रुवारी १९६९ रोजी पॅरिसच्या हृदयातून फळांनी आणि भाज्यांनी घेतलेला निरोप. ओबडधोबड, जाड चेहऱ्यांची माणसे आपला माल घेऊन निघाली आहेत. रंग भडक आहेत. सुरुचीच्या कल्पना बाळगणाऱ्याला ते बटबटीत वाटतील. मला ते आदाम-एवेच्या हकालपट्टीच्या चित्रांच्या कुळातले वाटले, फरक इतकाच की, इथे बागच खांद्यावर घेऊन माणसे बाहेर पडत आहेत. झोलाप्रमाणे मेसन निकाल देत नाही. कोण लठ्ठ, कोण रोडका, हे तो पाहत बसत नाही. सगळ्यांच्याच हातांत ओझे आहे.

मी बराच वेळ तिथे उभा होतो. शिल्पाला वास नव्हता. मेणबत्त्यांचा तेवढा येत होता. आई असती तर तिने आधी कोबीचा भाव विचारला असता.