तीन भिंती उभ्या असताना

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न ज्या नगरीत लावून दिलं, ते वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम. वैदर्भी रीतीला त्याने ‘कर्पूरमंजरी’त वच्छोमी हे नाव दिलं, म्हणजे वत्सगुल्माची रीत. समास थोडे, शब्द मऊ, अर्थ चटकन उमगणारा. मी याच वाशिममध्ये हिरड्यांच्या शस्त्रक्रिया करते, आणि पायरियाने खाल्लेलं हाड परत आणण्याच्या शस्त्रक्रियेला मला दुसरं नाव सुचत नाही. ही वच्छोमी शस्त्रक्रिया आहे. तिचं सगळं सौंदर्य संयमात आहे: काय येऊ द्यायचं नाही, कुठे हात आखडायचा आणि किती वाट बघायची.

आधी गेलं काय, ते नीट पाहू. रिसोडकडचा एखादा शेतकरी खुर्चीत बसतो आणि म्हणतो, “डॉक्टर, दाढ हालून राह्यली.” गालात खर्ऱ्याचा डाग, दातांच्या मुळाशी किटण. मी हिरडी आणि दाढ यांच्यामधल्या फटीत बारीक मोजपट्टी सरकवते. तिच्यावर १, २, ३, ५, ७, ८, ९, १० अशा मिलिमीटरच्या खुणा असतात. ४ आणि ६ मुद्दाम गाळलेल्या, म्हणजे रक्ताळलेल्या जागीही आकडा चुकत नाही. निरोगी हिरडीत पट्टी १ ते ३ पर्यंत जाऊन थांबते. इथे ८ ची खूण बुडते. एक्स-रेमध्ये दाढेच्या कडेने एक काळी पाचर खाली उतरलेली दिसते. तिथे हाड होतं.

पण हाडापेक्षा मोठं नुकसान ज्याचं होतं, ते एक्स-रेवर एका काळ्या रेघेएवढंच दिसतं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तो टांगलेला असतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. त्या तंतूंचं एक टोक मुळावरच्या पातळ थरात रुतलेलं आणि दुसरं हाडात. वरणातला खडा दाताखाली आला की आपल्याला कळायच्या आत जबडा थबकतो, तो या पडद्याच्या जाणिवेमुळे. पायरिया हाड खातो तेव्हा हा पडदाही जातो. म्हणून नुसतं हाड भरून आणलं म्हणजे काम झालं, असं होत नाही. हाड, मुळावरचा थर आणि मधले तंतू ही तिन्ही परत आली, तंतूंची दोन्ही टोकं आपापल्या जागी रुतली, तरच त्याला पुनर्निर्मिती म्हणायचं.

ते आपोआप का होत नाही, याचं उत्तर १९७६ साली मेल्चर या संशोधकाने मांडलं. मला ते आमच्या शास्त्रातलं सर्वांत सुंदर वाक्य वाटतं, म्हणून माझ्या शब्दांत सांगते. साफ केलेल्या मुळावर पहिली वस्ती कोणत्या पेशी करतात, त्यावर पुढचं सगळं ठरतं. दावेदार चार. हिरडीच्या वरच्या त्वचेच्या पेशी आधी पोचल्या, तर मुळालगत त्वचेचं लांबलचक अस्तर तयार होतं. जखम भरते, पण दाताला आधार मिळत नाही. हिरडीच्या आतल्या पेशी आल्या तर मूळ झिजू शकतं. हाडाच्या पेशी थेट आल्या तर दात हाडाला चिकटून जाऊ शकतो. फक्त चौथ्या, म्हणजे त्या पडद्याच्या पेशी पोचल्या, तरच हरवलेलं सगळं परत उभं राहतं. आणि त्या त्वचेच्या पेशींपेक्षा सावकाश येतात. सोयाबीन पेरलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पावसानंतर तण आधी येतं. पिकाला वेळ हवा असेल तर डवरणी आणि निंदण चुकत नाही.

मग १९८२ साली स्वीडनमध्ये निमन, लिंढे, कारिंग आणि रायलँडर यांनी जे केलं, त्याला मी मनोमन दाद देते. एका रुग्णाच्या खालच्या पुढच्या दाताचं मूळ त्यांनी साफ केलं आणि हिरडी मिटण्याआधी तिच्या आणि मुळाच्या मध्ये प्रयोगशाळेतल्या गाळणीचा एक तुकडा ठेवला. औषध नाही, पेशी नाहीत, खत नाही. नुसता धुरा घातला. तण अलीकडे अडलं आणि पलीकडे सावकाश येणाऱ्यांना रान मोकळं मिळालं. तीन महिन्यांनी तो दात भोवतालच्या भागासह काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मुळावर नवा थर होता आणि त्यात तंतू रुतलेले होते. एवढ्या कमी शब्दांत एवढं सांगणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

आज गाळणीच्या जागी आपोआप विरघळणारे पडदे आले, पण आशय तोच राहिला. चांगल्या हाताची शस्त्रक्रिया बघताना मी तीन जागी थांबते. पहिली जागा छेदाची. दोन दातांमधली हिरडीची त्रिकोणी कळी अखंड उचलली जाते, कारण शेवटी तीच झाकण होणार असते. ती फाटली तर आतला ऐवज उघडा पडतो. दुसरी जागा आतल्या खड्ड्याची. सुजलेलं मांस खरवडून काढलं की पांढरं हाड दिसतं आणि त्याच्या भिंती मोजता येतात. तीन बाजूंना हाड आणि चौथ्या बाजूला दाताचं मूळ, अशी अरुंद खोल विहीर असेल तर मन निर्धास्त होतं. तिच्यात रक्त थांबतं, गोठतं, हलत नाही. दोनच भिंती असल्या तर भरवसा कमी, एकच असली तर फारच कमी. आणि सगळीकडून हाड सपाट खाली गेलेलं असेल तर ते परत वर चढवण्याची विद्या आजही आमच्याकडे नाही. तिसरी जागा भरणीची. विहीर भरायला हाडाची भुकटी वापरतात, पण ती ठासायची नसते. कणाकणांत जागा राहिली पाहिजे, कारण तिथूनच नव्या रक्तवाहिन्या शिरतात. नवखा हात इथेच जास्त भरतो.

ती भुकटी येते कुठून? महाराष्ट्रातल्या अनेक दंतवैद्यांकडे ती मुंबईहून येते, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेतून. १९८८ साली सुरू झालेल्या या बँकेत दान मिळालेलं हाड स्वच्छ करून, गोठवून सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. त्यातला एक प्रकार आम्लात बुडवून क्षार काढलेल्या हाडाचा असतो. असं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड तयार होतं, हे अमेरिकेतल्या युरिस्टने १९६५ साली दाखवलं होतं. बाळंतपणानंतर मातांनी दिलेल्या वारेचं आतलं पातळ आवरणही ही बँक जपते, आणि हिरडीच्या शस्त्रक्रियेत ते पडदा म्हणून वापरता येतं. आपल्या घरांत वार पुरायची रीत आहे. कुणा अनोळखी बाईने तीच दान केली आणि कुणाची तरी दाढ वाचली, हे मला फार मोलाचं वाटतं.

टाक्यांनंतर उरते ती वाट. काही आठवडे त्या जागी ब्रश नाही, फक्त औषधी चूळ. सहा महिने मोजपट्टी आत घालायची नाही, हे आम्हा डॉक्टरांना सर्वांत जड जातं. मग नवा एक्स-रे जुन्याशेजारी धरायचा. काळ्या पाचरीच्या तळाशी करडं धुकं चढलेलं असतं, नीट झालं तर पाचर अर्ध्याहून अधिक भरते. पूर्ण क्वचितच. त्या धुक्याआड तंतू खरंच रुतले आहेत का, हे एक्स-रे सांगत नाही. ते सूक्ष्मदर्शकालाच दिसतं, आणि त्यासाठी दात काढावा लागेल. म्हणून आम्ही रुग्णाच्या चावण्यावर आणि मोजपट्टीच्या आकड्यावर समाधान मानतो. ८ चे ४ झाले, तर तो दिवस चांगला जातो. बिडी ओढणाऱ्यांत मात्र हे फळ उणं येतं, हे मी आधीच सांगून टाकते.

वाशिम, मालेगाव, कारंजा, मानोरा, कुठलेही असा, विनंती एकच आहे. ब्रश करताना रक्त आलं की त्याच आठवड्यात दाखवा. दात हलायची वाट बघू नका. विहिरीच्या तीन भिंती उभ्या आहेत तोवर या.