खिशातलं वाय-फाय कोणाच्या कामाचं?

‘पॉडकास्टिंग’ हा शब्द छापून आला तो इथेच, फेब्रुवारी २००४ मध्ये, ‘द गार्डियन’मध्ये. इंटरनेटवरच्या हौशी रेडिओला नाव काय द्यायचं, यासाठी पत्रकार बेन हॅमर्स्लीने सुचवलेल्या तीन पर्यायांपैकी तो एक. त्यातलं ‘पॉड’ आयपॉडमधलं. पुढे सप्टेंबर २००७ मध्ये ॲपलने वाय-फाय असलेला पहिला आयपॉड, म्हणजे आयपॉड टच आणला, आणि गंमत बघा, त्याच्यावर वाय-फायने पॉडकास्ट डाउनलोड करून ठेवायची सोयच नव्हती! त्यासाठी कॉम्प्युटर हवा, केबल हवी. गाणं मात्र ७९ पेन्सला वाय-फायवरून लगेच विकत घेता यायचं.

पहिल्या टचबद्दलच्या निराशेचं मूळ इथे आहे, असं मला वाटतं. वाय-फाय कमजोर नव्हतं. ते कुठल्या कामाला वापरायचं, हे विकणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलं होतं.

इथे शिकायला आलेल्या मराठी मुलांचा विचार करा. आयफोन ब्रिटनमध्ये ९ नोव्हेंबर २००७ ला आला: २६९ पौंड, वर ओटूचा १८ महिन्यांचा करार, महिन्याला किमान ३५ पौंड. मास्टर्स एक वर्षाचं आणि करार दीड वर्षाचा! त्यामुळे १९९ पौंडांचा ८ जीबी टच हाच समजूतदार पर्याय. स्क्रीन तसाच, सफारी ब्राउझर तोच, फक्त फोन नाही.

पण फोनबरोबर आणखी बरंच काही गेलं होतं. ईमेलचं ॲप नाही, नकाशे नाहीत. मायक्रोफोनच नाही, म्हणजे वाय-फाय असूनही इंटरनेटवरून घरी बोलता येणार नाही, कॉलिंग कार्ड घासत बसा. आणि विद्यापीठात पोचलात की वेगळीच अडचण. एड्युरोमसारख्या नेटवर्कला सगळ्यांसाठी एकच पासवर्ड नसतो, प्रत्येकाला स्वतःच्या नावाने लॉग-इन करावं लागतं. ही पद्धत टचला कळतच नव्हती. म्हणजे ज्या इमारतीत दिवस जायचा, तिथलंच फुकट इंटरनेट बंद.

हार्डवेअर कमी पडत होतं का? माइक सोडला तर नाही. ऑक्टोबर २००७ मध्येच लोकांनी सफारीतल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन टचचं कुलूप उघडलं, आयफोनची मेल आणि नकाशांची ॲप त्यात टाकली, आणि ती चालली. जानेवारी २००८ मध्ये ॲपलने तीच ॲप अधिकृतपणे दिली. नव्या ग्राहकांना फुकट, आधी विश्वासाने घेतलेल्यांना १२.९९ पौंडांना. कारण हिशेबाच्या नियमांचं सांगितलं गेलं: आयफोनचं उत्पन्न दोन वर्षांत विभागून दाखवलं जातं म्हणून त्याचे अपडेट फुकट, आयपॉडचं एकदम दाखवलं जातं म्हणून नाही. नियम खरे असतीलही. पण ताळेबंदातली सोय ग्राहकाच्या खिशातून का भरायची, हा प्रश्न उरतोच. जुलै २००८ मध्ये विद्यापीठाच्या नेटवर्कला जोडणारा अपडेट आला, त्याचे पुन्हा ५.९९ पौंड. वाय-फायवरून पॉडकास्ट डाउनलोड करता यायला त्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला.

हे एकट्या ॲपलचं नाही. मायक्रोसॉफ्टचा झून २००६ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा त्याचं वाय-फाय फक्त शेजारच्या झूनला गाणं पाठवायला होतं, आणि तेही तीनदा ऐकलं किंवा तीन दिवस झाले की बंद! वेबसाइट उघडणं नाहीच. झूनच्या तुलनेत टच खूपच उदार होता, हे मान्य करायला हवं.

कारण टचमध्ये सफारी होता. फ्लॅश चालत नव्हतं, आणि ज्या मराठी दैनिकांच्या साइट युनिकोडऐवजी स्वतःचा फॉन्ट वापरायच्या, त्यांचा फॉन्ट टाकायची सोय नव्हती. तरी वेब खरं होतं. मार्च २००८ मध्ये बीबीसीने आयप्लेअर आयफोन आणि टचवर आणला तो ब्राउझरमधूनच, खास वेगळ्या फॉरमॅटमध्ये. ॲप स्टोअर यायला अजून चार महिने होते. जो एक दरवाजा उघडा होता, त्यातून विकणाऱ्याच्या यादीत नसलेली गोष्ट आत आली. यंत्राची किंमत वाढली ती अशा गोष्टींनी.

त्यामुळे खोक्यावर ‘वाय-फाय’ लिहिलंय, एवढ्यावर मी आता थांबत नाही. आईबाबांसाठी इंटरनेट रेडिओ घ्या, नाहीतर स्वतःसाठी स्पीकर घ्या, दुकानात तीन प्रश्न विचारा. कंपनीच्या यादीत नसलेलं स्टेशन किंवा पॉडकास्ट मला त्यात घालता येतं का? मी राहतो तिथल्या, म्हणजे हॉस्टेलच्या किंवा विद्यापीठाच्या, नेटवर्कला ते जोडलं जातं का? आणि आज नसलेली सोय उद्या आली, तर पैसे कोण भरणार? उत्तरं गुळमुळीत मिळाली, तर ते वाय-फाय बहुतेक दुकानाचं आहे. तसं असेल तर घ्यायचं की नाही ते ठरवा, पण किंमत त्या हिशेबाने द्या.