रिकाम्या घराची वहिवाट

वाटपाच्या दाव्यात कुलूपबंद घराच्या पाहणीसाठी न्यायालय कमिशनर नेमते. तो खोल्या मोजतो, दारे-खिडक्यांची नोंद करतो, भिंतींस गेलेले तडे टिपतो आणि नकाशासह आपला अहवाल दाखल करतो. असे अहवाल वाचण्यात आमची पुष्कळ वर्षे गेली. त्यांत घराविषयी सर्व काही असते; त्या रिकाम्या घरात पाऊल टाकताना माणसाच्या मनाचे काय होते, एवढेच तेवढे नसते. जपानी प्रयोगशील चित्रपटकार इतो ताकाशी यांचे 16 मिलिमीटर फितीवरील लघुपट पाहताना ही उणीव आम्हांस प्रथम स्पष्टपणे जाणवली.

ओसाड वास्तूंचे चित्रण जपानात नवे नाही. नागासाकीजवळच्या हाशिमा बेटावरील कोळशाची खाण 1974 साली बंद पडली, वस्ती उठली, आणि तेथील उजाड चाळी पुढे छायाचित्रकारांचे तीर्थस्थान झाल्या. अशा पडक्या वास्तूंस तिकडे ‘हायक्यो’ म्हणतात. परंतु या चित्रणाचा बराचसा भाग म्हणजे एक लांबलेला उसासा असतो. पडका वाडा, भिंतीतून उगवलेला पिंपळ आणि गेलेल्या वैभवाची आठवण ही सामग्री आपल्या वाचकांसही अपरिचित नाही. इतो हा उसासा टाकीत नाहीत. त्यांच्या इमारती पडलेल्या नाहीत. त्या केवळ रिकाम्या आहेत. आणि रिकामेपण हे पडझडीहून अधिक भयावह असू शकते, हे त्यांनी दाखविले आहे.

इतो यांचा जन्म 1956 सालचा, फुकुओकाचा. आरंभी त्यांनी 8 मिलिमीटरवर हात बसविला. पुढे क्यूशू येथील डिझाइनच्या महाविद्यालयात मात्सुमोतो तोशिओ यांच्यासारखा गुरू त्यांस लाभला. मात्सुमोतो यांच्या 1975 सालच्या एका लघुपटाचे नावच ‘आत्मन्’ आहे. राक्षसी मुखवटा धारण केलेल्या एका बसलेल्या आकृतीभोवती त्यात कॅमेरा प्रदक्षिणा घालतो. शिष्याच्या कृतीवर त्या प्रदक्षिणेचा ठसा उघड दिसतो. मात्र शिष्याने मध्यावरची मूर्ती काढून टाकली आणि गाभारा तेवढा ठेवला.

ती कृती म्हणजे 1981 सालचा ‘स्पेसी’. लांबी अवघी 10 मिनिटे. स्थळ एक व्यायामशाळा. आत एकही माणूस नाही. ठिकठिकाणी फलक उभे असून प्रत्येकावर त्याच व्यायामशाळेचे छायाचित्र आहे. कॅमेरा एका फलकाकडे सरकतो, छायाचित्र पडदा व्यापते, आणि पाहतो तो आपण पुन्हा त्याच व्यायामशाळेत! समोर दुसरा फलक उभाच असतो. प्रथम ही वाटचाल सरळ रेषेत होते. मग वळणे येतात, उड्या येतात, वेग वाढत जातो, आणि अखेरीस वर-खाली, आत-बाहेर हे शब्द निरर्थक होतात.

या चित्रपटात चलत्-चित्रण असे काही नाही. सुमारे 700 स्थिर छायाचित्रे एकेक चौकट करून पुन्हा चित्रित केली आहेत. सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने 10 मिनिटांस 14,400 चौकटी लागतात. म्हणजे सरासरीने प्रत्येक छायाचित्र वीस वेळा आपल्यासमोर येते. आपण पुढे जात आहोत असे वाटते, वस्तुतः आपण त्याच त्या ठिकाणी परत येत असतो. हा हिशेब कळला म्हणजे त्या प्रवासाची गंमत ओसरते आणि धास्ती सुरू होते.

ही केवळ हातचलाखी आहे, असा आक्षेप येईल. आम्हांस तो मान्य नाही. हातचलाखीचे रहस्य फुटले की ती संपते. ‘स्पेसी’चे रहस्य पहिल्या मिनिटातच फुटते आणि तरीही पकड सुटत नाही. कायद्यात मालकी निराळी आणि ताबा निराळा. या व्यायामशाळेचा मालक कोण, तेथे कोण खेळत असे, याचा येथे प्रश्नच नाही. ताबा मात्र आहे, आणि तो पाहणाऱ्या दृष्टीचा आहे. माणूस नसलेल्या जागेत नजर तेवढी वहिवाट करीत राहते, तिला दार सापडत नाही. हा अनुभव कोणत्याही अहवालात बसणारा नव्हे.

पुढील दोन कृतींविषयी मात्र आमचे मत संमिश्र आहे. 1982 च्या ‘थंडर’मध्ये रात्रीच्या रिकाम्या इमारतीच्या भिंतींवर एका स्त्रीचा चेहरा प्रक्षेपित केला आहे. ती हातांनी तोंड झाकते, उघडते, पुन्हा झाकते. भोवती प्रकाशाच्या रेषा विजेसारख्या धावतात. दृश्य थरारक खरे, परंतु चेहरा येताच रिकामेपणास कारण मिळते. भूत दिसले की घराची भीती कमी होते, हे लहान मूलही जाणते. 1984 चा ‘घोस्ट’ त्याच तंत्राचा, तथापि अधिक खरा उतरला आहे. तो इतो यांनी स्वतः राहत असलेल्या कंपनीच्या वसतिगृहात रात्री जागून, एकेका चौकटीस दीर्घकाळ प्रकाश देऊन घेतला. दिवसा नोकरी आणि रात्री आपल्याच बिऱ्हाडास परके करून पाहणे, या विलक्षण दिनक्रमाची छाया त्या सहा मिनिटांवर पडली आहे.

शेवटी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लहान मापाची फीत हे हौशी माणसाचे, घरगुती समारंभांचे साधन. फुजी कंपनीने 1965 साली आणलेल्या ‘सिंगल-8’ फितीची धुलाईदेखील 2013 साली थांबली. इतो यांचे चित्रपट आम्ही पाहिले ते संगणकावरील प्रतीत. तेथे चौकटींची ती कठोर थरथर काहीशी पुसली जाते, आणि जी कला चौकटीचौकटीने रचली गेली तिचे त्यात नुकसान होते. ज्यांस पडद्यावर, यंत्राच्या खडखडाटात, ‘स्पेसी’ पाहण्याची संधी मिळेल त्यांनी ती दवडू नये. वाड्यांवर अश्रू ढाळणारे पुष्कळ झाले. रिकाम्या खोलीत डोळे कोरडे ठेवून उभा राहणारा कलावंत विरळा, आणि इतो यांची थोरवी आम्हांस त्यातच दिसते.