शिवी : शब्द, स्थळ आणि समाज

शिवी ही असंस्कृतपणाची खूण होय, असा समज सुशिक्षित समाजात रूढ आहे. ज्याच्यापाशी शब्दांचे दारिद्र्य असते तोच शिव्या देतो, असे त्याच्या पुष्ट्यर्थ सांगितले जाते. मराठीचा इतिहास तपासला असता हा समज टिकत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडल येथील, आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेला शके ९४० (इ. स. १०१८) चा शिलालेख मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. जो वाचील तो विजयी होईल, असे शुभचिंतन त्यात आहे. शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळातील परळचा लेख शके ११०८ (इ. स. ११८७) चा. त्याचा बहुतेक भाग संस्कृत आहे. मात्र दान मोडणाऱ्याला दिलेला शाप मराठीत कोरलेला असून त्यात त्या मनुष्याच्या मातेचा गाढवाशी संबंध जोडला आहे. असे गद्धेगाळाचे दगड महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. येथे शिवी देणारा कोणी उनाड नव्हे, प्रत्यक्ष राजसत्ता आहे. तिने संस्कृत सोडून लोकभाषा निवडली, याचे कारण उघड आहे : ऐकणाऱ्याला न समजलेली शिवी ही शिवीच नव्हे.

समाज शिवीला केवळ सहन करतो असे नाही. तो तिला जागाही नेमून देतो. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील सुखेड व बोरी या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन्ही काठांवर जमून, वाद्यांच्या गजरात, एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हा ‘बोरीचा बार’ होय. एरवी ज्या स्त्रीने तोंड उघडले असता तिला निर्लज्ज ठरविले जाते, तिलाच त्या दिवशी मोकळीक मिळते. बार संपला की ती मोकळीकही संपते.

दैनंदिन भाषेने याहून वेगळी तडजोड केली आहे. ‘शिंदळीच्या’चे ‘शिंच्या’ झाले, ‘तुझ्या आयला’चे ‘च्यायला’ झाले. उच्चार झिजला तसा अर्थही बोथटला, आणि हे शब्द सभ्य घरांत शिरले. सोलापुरातील शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत ‘मेल्या’ ही हाक जिव्हाळ्याची असू शकते. परक्याने तीच हाक मारली तर भांडण जुंपते. म्हणजे शिवीपण शब्दात नसून कोणी, कोणाला, कोठे म्हटले यात आहे. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली व प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्यातील भाषा कोणाला अपरिचित होती म्हणून नव्हे, तर ती नाट्यगृहात ऐकू आली म्हणून अनेकांना सोसवेना.

तथापि एवढ्यावरून शिवी निरुपद्रवी ठरविणे ही दुसरी चूक होईल. परळच्या लेखात अपराध दान मोडणाऱ्याचा, पण विटंबना त्याच्या मातेची होते. ‘रांड’ या शब्दाचा मूळ अर्थ विधवा; जिचे दुःख तेच तिच्यावरील दूषण झाले. जातीचे नाव तर कोशात निव्वळ नाम असते. त्यात अश्लील काहीच नाही. तरीही ते फेकून मारले असता त्याच्याइतका खोल घाव दुसऱ्या शब्दाचा होत नाही. कायद्याने हा भेद ओळखला आहे. भारतीय दंड संहितेचे कलम २९४, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९६, सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द उच्चारणे हा अपराध मानते. तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अश्लीलता विचारीत नाही, अवमान पाहतो.

शिष्ट समाजाची दृष्टी मात्र अद्याप अश्लीलतेवरच खिळलेली आहे. मुलाच्या तोंडून ‘च्यायला’ निघाले की घर दचकते. वडीलधाऱ्यांनी शांत, शुद्ध मराठीत एखाद्याची जात काढली तर कोणी दचकत नाही. संस्कृतीची परीक्षा शब्दाच्या स्वच्छतेवरून घ्यावयाची की त्याने केलेल्या जखमेवरून, हा खरा प्रश्न आहे. आणि भाषेचा पुरावा दुसऱ्या पक्षाकडे झुकतो.