साहरावी जमात : वंशावळ, नोंदवही आणि कविता

प्रस्तावना

पश्चिम सहारातील साहरावी समाजाविषयीचे लेखन बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला जमातींची यादी असते; दुसऱ्या टोकाला जमात ही मागे पडलेली अवस्था समजून केवळ राष्ट्राविषयी बोलले जाते. जमात म्हणजे जन्माने कायमचा ठरलेला गट, हे गृहीतक मात्र दोन्हीकडे समान आहे. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

वंशावळीतील जमात

स्पॅनिश मानववंशशास्त्रज्ञ हुलिओ कारो बारोहा यांनी १९५२-५३ मध्ये या प्रदेशात क्षेत्रकार्य केले. त्यावर आधारित 'एस्तुदिओस साहारियानोस' हा त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. वाळवंटातील लोकांच्या मौखिक कथनाला इतिहासाच्या साधनाचा दर्जा देणे, हे या ग्रंथाचे मोठेपण होय. परंतु तो वसाहतकाळातील एका क्षणाचे चित्र आहे, हे विसरून चालणार नाही. शस्त्रधारी हस्सान, धर्मविद्या जपणारे झावाया आणि खंडणी देणारे झ्नागा ही सर्वपरिचित त्रिस्तरीय विभागणी उपयुक्त असली तरी अपुरी ठरते. रगीबात जमातीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सिदी अहमद रगीबी या संतपुरुषापासून आपला वंश सांगणारी ही जमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रबळ, सशस्त्र उंटपालक म्हणून पुढे आली. पशुबळी देऊन संरक्षण मागण्याच्या 'देबिहा' या प्रथेने परक्यालाही जमातीशी जोडून घेता येत असे. म्हणजेच वंशावळ ही रक्ताची नोंद होती, तशीच ती कराराची भाषाही होती.

नोंदवहीतील जमात

१९७४ च्या स्पॅनिश जनगणनेत ७३,४९७ साहरावींची नोंद झाली. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिले. मोरोक्कोचा सुलतान आणि काही जमाती यांच्यात निष्ठेचे संबंध होते. तथापि त्यातून प्रादेशिक सार्वभौमत्व सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय होता. निष्ठा आणि भूमीवरील सत्ता यांतील हा भेद महत्त्वाचा आहे.

पुढे १९९४ पासून संयुक्त राष्ट्रांनी सार्वमतासाठी मतदारांची ओळख पटविण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी जुनी जनगणना आणि जमातींच्या शेखांची तोंडी साक्ष हेच आधार ठरले. पोलिसारिओ आघाडीने जमातवादाला विरोध केला होता. मात्र राष्ट्राच्या भवितव्यावर मत देण्यासाठी माणसाला आपली उपशाखा सिद्ध करावी लागली. 'एच ४१', 'एच ६१' अशा सांकेतिक क्रमांकांच्या गटांवरून वाद पेटले. २००० च्या आरंभी सुमारे १ लाख ९८ हजार अर्जदारांपैकी सुमारे ८६ हजार पात्र ठरले आणि सुमारे १ लाख ३१ हजार अपिले दाखल झाली. सार्वमत आजतागायत झालेले नाही. करारातून घडणारी जमात यादीत गोठवली की काय होते, याचा हा पुरावा आहे.

कवितेतील भूमी

हस्सानिया बोलीतील मौखिक कवितेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. विहिरी, टेकड्या, चराऊ कुरणे यांची नावे जपणारी ही कविता भटक्यांचा नकाशाच आहे. २००५ मध्ये माद्रिद येथे स्थापन झालेल्या 'साहरावी मैत्रीची पिढी' या कविगटाने हा वारसा स्पॅनिश भाषेत नेला. त्यातील बाहिया महमूद अवाह यांनी २०११ च्या आठवणपर पुस्तकात आपल्या कवयित्री मातेचे चित्र रेखाटले आहे. अल्जीरियातील तिंदूफजवळच्या निर्वासित छावण्यांना एल आयून, स्मारा, दाखला, औसर्द, बुजदूर ही मायभूमीतील गावांचीच नावे दिलेली आहेत. येथे 'तू कोणाचा?' या प्रश्नाला 'तू कुठला?' या प्रश्नाची जोड मिळते.

तथापि स्थळस्मृतीचा गौरव करताना जुन्या उतरंडीचा विसर पडता कामा नये. खंडणी देणारे आणि गुलाम म्हणून राबलेले यांच्या बाजूनेही ही परंपरा वाचली गेली पाहिजे.

समारोप

सारांश, साहरावी जमात ही ना केवळ अवशेष आहे, ना केवळ ओळखपत्र. ती संबंधांची बदलती व्यवस्था आहे. नोंदवही तिला स्थिर करते. कविता तिला भूमीशी जोडून हलती ठेवते. संस्कृतीच्या अभ्यासकाने दोन्ही साधने वापरावीत. परंतु यादीला समाज समजण्याची चूक करू नये. त्या चुकीची किंमत छावणीत वाट पाहणाऱ्या पिढ्यांनी मोजली आहे.