न कापलेले नऊ वार

‘शाश्वत’ हे विशेषण आपल्याकडे आधी आत्म्याला लागत असे, पुढे शेतीला लागले, आता कपड्याला लागते. बॅले नर्तकांच्या पोशाखात शाश्वत फॅशनची जी लाट आली आहे, तिच्याविषयी दोनेक वर्षे मी मिळेल ते वाचतो आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदला बसून बॅलेचे कपडे कशाला अभ्यासता, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्या कपड्यांवर ‘सेंद्रिय कापूस’ अशी चिठ्ठी असते आणि आमच्या तालुक्यात घराबाहेर पडले की पऱ्हाटी दिसते, एवढे कारण मला पुरते.

लाटेचा मुख्य दावा धाग्याविषयी आहे. मासेमारीच्या टाकाऊ जाळ्यांपासून पुन्हा नायलॉन करायचे (इटलीच्या अ‍ॅक्वाफिल कंपनीचा ‘इकोनिल’ हा त्यातला प्रसिद्ध धागा), प्लास्टिकच्या बाटल्यांपासून पॉलिएस्टर करायचे किंवा सेंद्रिय कापूस वापरायचा. यातले काहीच खोटे नाही. पण अंगाला घट्ट बसणाऱ्या लिओटार्डला ताण हवा, आणि तो देतो स्पँडेक्स, म्हणजे 1958 साली ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला धागा. नायलॉन असो की कापूस, त्यात स्पँडेक्स मिसळला की ते कापड पुन्हा सुटे करणे फार अवघड होते. बाटलीची पुन्हा बाटली झाली असती. तिचा लिओटार्ड झाला की तिचा प्रवास बहुधा तिथेच संपतो, शिवाय प्रत्येक धुण्यात सूक्ष्म तंतू पाण्यात जातात ते वेगळेच.

धागा नैसर्गिक म्हणजे सगळे भले, असेही नाही. 1832 च्या ‘ला सिल्फीद’पासून बॅलेरिनाचा पांढरा, तरंगता झगा रूढ झाला. तो तार्लातान नावाच्या विरळ सुती कापडाचा असे. 15 नोव्हेंबर 1862 रोजी पॅरिसच्या ऑपेरात तालमीच्या वेळी एमा लिव्ही या तरुण नर्तकीच्या झग्याने गॅसच्या दिव्यावर पेट घेतला. आठ महिने यातना भोगून, अवघ्या विसाव्या वर्षी, 26 जुलै 1863 रोजी ती गेली. आग न लागणारी प्रक्रिया केलेले कापड तेव्हा उपलब्ध होते, परंतु ते कडक आणि मळकट दिसते म्हणून तिने ते नाकारले होते. याच काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत अचानक भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या आखूड धाग्याच्या मालाला उमरावतीवरून ‘ऊमरा’ म्हणत. 1870 मध्ये लॉर्ड मेयो स्वतः खामगावची रेल्वे आणि कापूस बाजार उघडायला आले. आमचा ऊमरा जाडाभरडा, तो काही बॅलेच्या झग्यापर्यंत गेला नसणार. पण कापड कशाचे आहे याहून ते कुठे आणि कसे वापरले जाते हे आधी पाहावे, हे मला लिव्हीच्या मृत्यूवरून पटले.

याचे दुसरे उदाहरण पॉइंट शूजचे. परंपरागत बूट म्हणजे साटीन, सुती अस्तर, चामड्याचा तळ, आणि बोटांपाशी कागद व तरटाचे थर खळीने चिकटवलेले. जवळजवळ सगळे जैविक. आणि ते टिकतात किती? मोठ्या भूमिकेत एका प्रयोगात जोडी मऊ पडते, मोठ्या कंपन्यांना वर्षाला हजारो जोड्या लागतात. 1993 पासून गेनर मिंडेन कंपनीने प्लास्टिकसारख्या लवचिक पदार्थाचा कणा असलेले बूट आणले, ते कितीतरी जास्त टिकतात. मग शाश्वत कोणते? कुजणारे, की टिकणारे? लाटेवर लिहिणारे या प्रश्नाला बगल देतात, कारण त्याचे उत्तर चिठ्ठीवर मावत नाही.

मला स्वतःला टिकण्याची बाजू अधिक खरी वाटते, आणि याचा पुरावा बॅलेच्याच कोठीघरात आहे. जुन्या कंपन्यांचे टूटू जाळीचे अनेक थर हाताने टाचून केलेले असतात. पाठीवर हुकांच्या एकाहून अधिक रांगा, म्हणजे कमीजास्त अंगाच्या नर्तकींना तोच चालावा. आत नावाच्या पट्ट्या असतात, एकीखाली दुसरी. ही शिस्त काटकसरीतून आली, पर्यावरणाच्या घोषणेतून नव्हे. आमच्याकडे शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने पोशाख देणारा दुकानदार हेच करतो. त्याला मात्र कोणी शाश्वत म्हणत नाही.

आता आपल्या नऊवारीकडे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, एकही शिवण नाही, एकही कात्री नाही. लावणीत पाय फेकायला, बैठक मारायला जो मोकळेपणा लागतो तो कासोट्यातून मिळतो. पाश्चात्त्यांनी धाग्यात शोधलेला ताण आपल्याकडे नेसण्यात होता. तेच लुगडे आईचे लेकीला होते, उंच बाईला होते, ठेंगणीलाही होते. विरले की गोधडीत जाते, गोधडी विरली की पोतेरे होते.

या हिशेबाने गेल्या काही वर्षांत आलेली ‘रेडी नऊवारी’ हा माझ्या मते लावणीच्या वेषातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी चर्चिलेला बदल आहे. लुगडे कापून, काष्टा शिवून, कमरेला इलॅस्टिक घालून ती पायजम्यासारखी चढवता येते. कापड बहुधा पॉलिएस्टरमिश्रित. सोय आहे, हे मान्यच. दोन गाण्यांमध्ये वेष बदलायला दहा मिनिटे असलेल्या कलावंतिणीला नेसणे शिकवायला मी जाणार नाही. पण ‘नटरंग’ (2010) आणि ‘चंद्रमुखी’ (2022) या चित्रपटांनंतर घरोघरी लावणी नाचणाऱ्या हौशी मुलींना तशी घाई नसते. त्यांची शिवलेली नऊवारी एका स्नेहसंमेलनानंतर आखूड होते. तिची गोधडीही धड होत नाही, घामही टिपत नाही. चित्रपटांच्या परीक्षणांत ठेका, अदा, छायाचित्रण सगळे येते. कापडावर ओळ नसते.

आता चिठ्ठीवरच्या कापसाचा हिशेब मांडतो. क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये साधारण 34 किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. दीडशे ग्रॅमच्या सुती लिओटार्डला, सूतगिरणीतली तूट धरून, सुमारे अर्धा किलो कापूस लागला असे समजा. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, म्हणजे त्या लिओटार्डमधला शेतकऱ्याचा वाटा चाळीस रुपये. सेंद्रिय म्हणून त्यावर चार-आठ रुपये चढले तरी परदेशातल्या दुकानात त्यांचा पत्ता लागणार नाही. त्या चार-आठ रुपयांसाठी शेतकऱ्याने दोन-तीन वर्षे रूपांतराचा काळ काढायचा, उत्पन्न घटले तर सोसायचे, आणि 2002 पासून बीटीने व्यापलेल्या बाजारात साधे बियाणे हुडकायचे. वर, 2020 मध्ये जीओटीएस या प्रमाणन संस्थेलाच भारतात 20 हजार टन कापसाची बनावट कागदपत्रे सापडली आणि अकरा कंपन्यांवर बंदी घालावी लागली. कागद खोटे ठरले की संशय बांधावरच्या खऱ्या माणसावरही येतो.

टूटूच्या आत नर्तकींच्या नावांच्या पट्ट्या असतात, तसा या लिओटार्डच्या चिठ्ठीवर शेतकऱ्याला मिळालेला दर छापावा, एवढीच माझी मागणी आहे. गाव नको, फोटो नको. क्विंटलचा दर आणि वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळाले, हे दोन आकडे पुरेत.