मुकदेनचा स्फोट: प्रश्न एक नाही, दोन

'युद्धासाठी रचलेले हल्ले' हा विषय घेतला की बहुतेकांचा संशोधन आराखडा एकाच साच्यात जातो. घटनांची यादी करायची आणि प्रत्येकीपुढे 'बनाव' असा शिक्का मारायचा. पण तो बनाव होता हे कधी कळलं, कशावरून कळलं? हे समजून घ्यायचं असेल तर लिटन आयोगाचा अहवाल मुळातून वाचा.

आधी प्रसंग. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मुकदेनजवळ (आजचं शेनयांग) जपानच्या ताब्यातल्या दक्षिण मांचुरिया रेल्वेवर स्फोट झाला. तो चिनी सैनिकांनी केला असं सांगत जपानच्या क्वांतुंग लष्कराने त्याच रात्री चिनी छावणीवर हल्ला चढवला. सकाळपर्यंत शहर ताब्यात! पुढे राष्ट्रसंघाने पाच सदस्यांचा आयोग नेमला. अध्यक्ष होते बंगालचे माजी गव्हर्नर लॉर्ड लिटन.

आता अहवालाची पद्धत बघा. स्फोट कुणी केला, हे तो सांगतच नाही. तो एवढंच म्हणतो की स्फोट झाला खरा, पण चांगचुनहून दक्षिणेकडे येणारी गाडी वेळेवर पोचली. म्हणजे रुळांचं नुकसान झालं असलंच, तरी लष्करी कारवाईसाठी ते पुरेसं कारण नव्हतं. त्या रात्रीची कारवाई रास्त स्वसंरक्षण ठरत नाही. अहवालाची खरी ताकद मला इथे दिसते. 'कुणी केलं?' आणि 'त्यामुळे युद्ध समर्थनीय ठरतं का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावाचून देता येतं.

मात्र एक जागा खटकते. जागेवरच्या अधिकाऱ्यांना आपण स्वसंरक्षणच करतोय असं वाटलं असेल, ही शक्यता अहवाल खुली ठेवतो. जपानी सैन्याकडे तयार योजना होती आणि ती झपाट्याने राबवली गेली, हेही तोच नोंदवतो. तयार योजना म्हणजे बनावाचा पुरावा नव्हे, हे मान्य. तरी ही सावधगिरी मला पुराव्यापेक्षा मुत्सद्देगिरीची वाटते.

बनाव उघड झाला तो नंतर: टोकियो खटल्याच्या १९४८ च्या निकालात, आणि कटात सामील असलेल्या हानाया तादाशी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हकिकतीत. इथेही घाई नको. कट इतागाकी, इशिवारा अशा क्वांतुंग लष्करातल्या अधिकाऱ्यांचा होता, टोकियोतल्या मंत्रिमंडळाचा नव्हे. म्हणून 'राष्ट्राने हल्ला रचला' हे सोपं वाक्यही तपासूनच लिहायला हवं.

अहवाल ऑक्टोबर १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच, मार्चमध्ये, मांचुकुओ हे जपानच्या तंत्राने चालणारं राज्य उभं राहिलं होतं. फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रसंघाने अहवालाच्या बाजूने ४२ विरुद्ध १ असा कौल दिला, आणि जपान संघातून बाहेर पडला. कबुलीची वाट बघत बसलो असतो तर पंचवीस वर्षं गेली असती. गाडी वेळेवर आली की नाही, हे मात्र त्याच रात्री स्टेशनवर कळण्यासारखं होतं.

तेव्हा तुमच्या यादीतल्या प्रत्येक घटनेपुढे शिक्का मारण्याआधी दोन रकाने आखा: त्या वेळी काय कळू शकत होतं, आणि नंतर काय कळलं. खरं संशोधन पहिल्या रकान्यात आहे.